किडनी बसवलेल्या माणसाला जुलाब लागले तर: ‘भारी अँटिबायोटिक’ शोधण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अंबाजोगाई तालुक्यातलं गाव, धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, नऊ महिन्यांपूर्वी आईची किडनी बसवलेली. शेतात हुरड्याला जाऊन आला आणि दोन दिवसांनी जुलाब सुरू झाले. आज चौथा दिवस. दिवसाला आठ-दहा वेळा पाण्यासारखं होतंय, कालपासून थोडी आव पडतेय, ताप ९९.५ ते १०० च्या मध्ये. गावातल्या डॉक्टरांनी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल दिली, दोन सलाइन लावल्या. क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा) १.३ होतं ते २.१ आलं. तुम्ही विचारताय की यापेक्षा भारी अँटिबायोटिक कोणतं, किडनीच्या गोळ्या चार दिवस बंद ठेवू का, किडनी रिजेक्ट होतेय का, आणि आई म्हणते तसं हुरडा कायमचा बंद करायचा का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते उद्यावर ढकलता येत नाही. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, एक वेळसुद्धा नाही. आणि २.१ या आकड्यावर घरी बसू नका. जिथे किडनी बसवली त्या ट्रान्सप्लांट युनिटला आज फोन करा आणि आजच भरती व्हा. युनिट असलेलं छत्रपती संभाजीनगर तुमच्यापासून दोनशेहून जास्त किलोमीटर आहे. तिथपर्यंत जाणं जमत नसेल तर अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा लातूर चालेल, पण भरती झाल्यावर तिथल्या डॉक्टरांचं आणि युनिटचं फोनवर बोलणं करून द्या. मी पेशंट तपासलेला नाही, त्यामुळे डोसचे शेवटचे आकडे तेच ठरवतील. आम्ही असा पेशंट समोर आल्यावर कोणत्या क्रमाने विचार करतो, ते मी सांगतो.

खरी अडचण जंतूच्या नावाची नाही. चांगल्या दोन किडन्या असलेल्या माणसाला हेच जुलाब झाले असते तर तो पाच दिवसांत मीठ-साखरेच्या पाण्यावर उठला असता. तुमच्या भावाच्या बाबतीत तीन गोष्टी एकाच वेळी चालू आहेत: अंगातलं पाणी कमी होतंय, टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या मुख्य गोळीची) रक्तातली पातळी वर चढतेय, आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीमुळे आतड्यातला जंतू रक्तात उतरण्याची शक्यता वाढलेली आहे. किडनीचं पहिलं नुकसान पहिल्या दोन गोष्टी करतात, आणि सगळं लक्ष मात्र तिसरीकडे असतं.

टॅक्रोलिमसचं गणित समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त गफलत इथे होते. आपण गोळी गिळतो तेव्हा तिचा बराचसा भाग रक्तात पोचतच नाही. आतड्याच्या अस्तरात सीवायपी-३ए-४ नावाचं एन्झाइम ती मोडतं, आणि पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप उरलेल्यातला काही भाग परत आतड्यात फेकतो. जकात नाक्यासारखं आहे हे. डॉक्टरांनी दिलेले सकाळी २, संध्याकाळी २ मिलिग्रॅम ही जकात धरूनच ठरवलेले असतात. जुलाबात अस्तर सोलवटतं, नाकं ओस पडतं, आणि त्याच गोळीतला कितीतरी जास्त माल आत जातो. ६-७ वर बसलेली लेव्हल अशा वेळी दुपटीवर किंवा त्याही वर गेलेली नेहमी दिसते. जास्त झालेलं टॅक्रोलिमस किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या आवळून धरतं. आधीच पाणी कमी, त्यात नळ्या आवळलेल्या, म्हणून क्रिएटिनिन चढतं. जोडीला पोटॅशियम वाढतं. घरी ओळखायची खूण म्हणजे हाताची थरथर. चहाची बशी धरली की चहा हिंदकळतो, सही करताना अक्षर हलतं, डोकं दुखतं. (सायक्लोस्पोरिनवर असलेल्यांमध्ये पातळी अशी उसळी सहसा मारत नाही. गोळी कोणती आहे ते डॉक्टरांना नीट सांगा.)

लेव्हलचं रक्त सकाळची गोळी घेण्याआधी, म्हणजे आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा फुगलेला येतो आणि त्यावर चुकीचा डोस कापला जातो. बाटली जांभळ्या झाकणाची, ईडीटीएची. फॉर्मवर शेवटची गोळी किती वाजता घेतली ते लिहायला सांगा. गावाकडून नमुना पुण्या-मुंबईला जाणार असेल तर रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून हात थरथरत असेल, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम दोन्ही वर असतील, तर युनिट बहुधा रिपोर्टची वाट न बघता एखादा डोस वगळायला किंवा कमी करायला सांगेल. तो निर्णय त्यांचाच.

आता गफलतीचा दुसरा अर्धा भाग, ज्याबद्दल सुट्टीच्या कागदावर फार कमी वेळा लिहिलेलं असतं. जुलाब थांबले की अस्तर भरून येतं आणि जकात पुन्हा सुरू होते. कमी केलेला डोस तसाच राहिला तर पातळी खाली घसरते. पेशंटला बरं वाटत असतं, भूक लागलेली असते, शेतातली कामं सुरू झालेली असतात, आणि दोन-तीन आठवड्यांनी खरोखरचं रिजेक्शन घेऊन तो परत येतो. म्हणून सुट्टी घेताना विचारायचा प्रश्न एकच: ‘कमी केलेल्या गोळ्या पुन्हा पहिल्यासारख्या कोणत्या तारखेला करायच्या?’ तारीख कागदावर घ्या. जुलाब थांबल्यावर चार-पाच दिवसांनी एकदा आणि त्यानंतर आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा लेव्हल करा.

मायकोफेनोलेट या किडनीच्या दुसऱ्या गोळीचा विषय वेगळा आहे. या गोळीने स्वतःच जुलाब होतात, हे खरं. त्यामुळे ‘गोळीनेच झालंय, बंद करा’ असं सुचवणारे घरात, दुकानात, दवाखान्यात सगळीकडे भेटतात. पण नऊ महिने तोच डोस पचवलेल्या माणसाला एकाएकी तापासह जुलाब लागले तर दोष गोळीवर ढकलण्याआधी जंतू शोधायचा. संसर्ग जोराचा असेल तर आम्हीच हा डोस काही दिवस निम्मा करतो किंवा थांबवतो, कारण पांढऱ्या पेशींना लढायला मोकळं करावं लागतं. हे काम युनिटने, किती दिवस ते ठरवून करायचं असतं. शिवाय अँटिबायोटिक चालू असताना मायकोफेनोलेट रक्तात आपोआप थोडं कमी पडतं: पित्तातून आतड्यात आलेलं औषध परत शोषलं जावं म्हणून तिथले नेहमीचे जिवाणू मदत करतात, आणि अँटिबायोटिक त्यांनाच मारतं. म्हणजे तुम्ही घरी गोळी बंद केली तर आधीच कमी झालेल्यातून आणखी कमी करताय.

प्रेडनिसोलोन कोणत्याही परिस्थितीत सुटता कामा नये. नऊ महिने बाहेरून स्टिरॉइड मिळाल्यामुळे शरीराने स्वतःचं बनवणं जवळजवळ सोडलेलं असतं. आजारपणात त्याची गरज वाढते, म्हणून ५ मिलिग्रॅमवर असलेल्यांना ताप असेपर्यंत दुप्पट डोस दिला जातो. उलटीमुळे गोळी पोटात ठरतच नसेल तर शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन द्यावं लागतं. बीपी उतरतंय, सलाइन देऊनही चढत नाही, पेशंट मलूल पडलाय, असं असेल तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना ‘हा नऊ महिने स्टिरॉइडवर आहे’ एवढं स्पष्ट सांगा. बाकी उलटीचा साधारण नियम असा: गोळीनंतर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली किंवा उलटीत गोळी दिसली तर पुन्हा घ्यायची, तासाभरानंतर झाली तर नाही, मधल्या वेळेत झाली तर युनिटला विचारायचं.

काही गोळ्या मात्र जुलाबाच्या दिवसांत खरंच थांबवाव्या लागतात, आणि त्या कोणी आठवणीने थांबवत नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू असेल, लघवीची गोळी असेल, साखरेसाठी मेटफॉर्मिन किंवा डापाग्लिफ्लोझिन असेल, तर यादी फोनवर वाचून दाखवा. पहिल्या दोन प्रकारांनी सुकलेली किडनी आणखी दबते. मेटफॉर्मिन अंगात साचून रक्त आम्लधर्मी करू शकतं. आणि दोन इंजेक्शनं तर हात जोडून नको म्हणायची: पोटात मुरडा येतो म्हणून डायक्लोफिनॅक, आणि ‘जंतू मारायला’ अमिकासिन किंवा जेंटामायसिन. चांगल्या किडनीला एखाद-दोन डोस खपून जातात. टॅक्रोलिमस चढलेल्या, पाणी कमी झालेल्या किडनीला खपत नाहीत.

पाणी किती गेलं हे मोजायला सगळ्यात भरवशाचं यंत्र वजनकाटा आहे. भावाचं युनिटमधलं शेवटचं वजन ६२ असेल आणि आज ५९.५ भरत असेल तर अंदाजे अडीच लिटर पाणी कमी आहे, म्हणजे ५०० मिलिच्या दोन सलाइननी काय होणार ते तुम्हीच बघा. रोज सकाळी, लघवी करून, त्याच काट्यावर वजन घ्या. लघवी मापाच्या बाटलीत मोजा. २४ तासांत ५०० मिलिच्या खाली आली तर ती धोक्याची खूण.

तोंडाने घेता येत असेल तर ओआरएस. एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात आणि अर्धं रबरबँड लावून फडताळात, ही पद्धत घरोघरी आहे आणि ती घातक आहे, कारण मिठाचं प्रमाण बिघडतं आणि जास्त तीव्र पाण्याने जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. पाकिटावर हेच आकडे आहेत का बघा. ओआरएससारखी दिसणारी खोकाबंद गोड पेयं वेगळी. त्यांत साखर कितीतरी जास्त असते, आणि अशा पेयांवर ओआरएस हे नाव छापायला एफएसएसएआयने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. प्रत्येक जुलाबानंतर पेलाभर, घोट घोट. शहाळं मात्र पोटॅशियमचा रिपोर्ट येईपर्यंत नको. टॅक्रोलिमस पोटॅशियम वाढवतं आणि शहाळ्यात ते भरपूर असतं. लोक मायेने दिवसाला चार-चार शहाळी पाजतात, आणि पोटॅशियम ६ च्या वर घेऊन पेशंट दाखल होतो. तांदळाची पेज, मऊ भात, मुगाचं वरण चालेल.

सलाइन लावायची असेल तर रिंगर लॅक्टेटला घाबरू नका. ‘त्यात पोटॅशियम असतं, किडनीवाल्याला नको’ असं म्हटलं जातं. त्यात लिटरमागे फक्त ४ मिलिइक्विव्हॅलंट असतं, म्हणजे रक्तात असतं तेवढंच. नुसतं नॉर्मल सलाइन लिटरवर लिटर दिलं तर रक्त आम्लधर्मी होतं आणि पोटॅशियम उलट पेशींतून बाहेर पडून वाढतं. आणखी एक बारीक गोष्ट: भावाच्या ज्या हातात डायलिसिसचा फिस्टुला आहे, जिथे बोट ठेवलं की घरघर लागते, त्या हातात सुई नको आणि बीपीचा पट्टाही नको. सुकलेल्या पेशंटची बाकी शीर सापडत नाही आणि ती फुगलेली शीर समोर दिसते, त्यामुळे मोह होतो. बोलून अडवा.

आता जंतू. आव पडणं आणि ताप यावरून मोठ्या आतड्यापर्यंत गेलेला जिवाणू डोळ्यासमोर येतो: साल्मोनेला, शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, काही जातींचे ई. कोलाय, आणि अँटिबायोटिक पोटात गेलेलं असल्याने क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल. दोन दिवसांचं अंतर साल्मोनेलालाही जुळतं आणि कॅम्पिलोबॅक्टरलाही, त्यामुळे जेवणावरून जंतू ओळखता येत नाही. दोषी जेवण हुरड्याच्या आदल्या दिवशीचंही असू शकतं. तापाचा आकडा छोटा आहे यावर विसंबू नका. स्टिरॉइड आणि बाकीच्या गोळ्या ताप झाकतात, पोटाचा कडकपणाही झाकतात. या गोळ्यांवरच्या माणसाचा १०० ताप आम्ही दुसऱ्याच्या १०२ सारखा धरतो. साल्मोनेलाचं भय जास्त वाटतं ते यासाठी की प्रतिकारशक्ती दबलेल्यांमध्ये तो आतड्यातून सहज रक्तात उतरतो, आणि उपचार अर्धवट राहिले तर पुन्हा उलटतो.

म्हणून क्रम असा: आधी नमुने, मग औषध. रक्ताचं कल्चर (नमुन्यातला जंतू वाढवून बघायची तपासणी) दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलि. बाटली फ्रिजमध्ये ठेवायची नाही. गाडी निघेपर्यंत टेबलावरच राहू द्या. शौचाचा नमुना रुंद तोंडाच्या कोरड्या डबीत, लघवी किंवा संडासातलं पाणी न मिसळलेला, आव असेल तो भाग घेऊन. दोन तासांत लॅबमध्ये पोचत नसेल तर कॅरी-ब्लेअर नावाच्या माध्यमात पाठवायचा, कारण शिगेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे दोघे प्रवासात मरतात. कॅम्पिलोबॅक्टरला वाढायला कमी ऑक्सिजन आणि ४२ अंश उष्णता लागते. ती सोय तालुक्याच्या लॅबमध्ये सहसा नसते, तेव्हा ‘कोणताही रोगजंतू वाढला नाही’ या रिपोर्टने तो नाही असं ठरत नाही. फॉर्मवर ‘ट्रान्सप्लांट पेशंट’ हे शब्द आणि तीन मागण्या स्वतंत्र लिहून घ्या: कल्चर, क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलची टॉक्सिन तपासणी, आणि मॉडिफाइड अ‍ॅसिड-फास्ट स्टेन. शेवटची, म्हणजे नमुना रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची, न मागितल्यास कोणी करत नाही, आणि क्रिप्टोस्पोरिडियम व सायक्लोस्पोरा हे परजीवी नेमके त्यातच दिसतात. मोठ्या शहरात पीसीआर पॅनेल मिळतं, एका नमुन्यात वीसेक जंतू तपासतं, पण महाग आहे. शिवाय त्यात नाव आलं म्हणजे आजार त्याचाच असं नाही, आणि कोणतं औषध लागू पडेल हेही ते सांगत नाही. म्हणून परवडलं तरी कल्चर सोडायचं नाही.

ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल ही आपल्याकडची सर्रास गोळी आहे आणि गावातल्या डॉक्टरांनी वाईट हेतूने दिलेली नाही. पण आपल्या देशातल्या साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरमध्ये ओफ्लॉक्सासिनच्या गटाला दाद न देणारे जंतू फार आहेत. ऑर्निडाझोल या दोघांवर काम करत नाही. स्टिरॉइडवरच्या माणसात या गटाने घोट्यामागची धोंडशीर (टेंडन) दुखावण्याचा धोका असतो. आणि तीन दिवस खाल्ल्यावर कल्चरमध्ये काही वाढण्याची शक्यता कमी होते. तरीही नमुना द्या.

अशा पेशंटला ताप किंवा आव-रक्त असेल तर आम्ही नमुने घेऊन रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करतो. बीपी ठीक, तोंडाने घेता येतंय, असं असेल तर अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम रोज एकदा, तीन दिवस. बीपी उतरलेलं, थंडी वाजून ताप, उलट्या, असं असेल तर शिरेतून सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन २ ग्रॅम रोज. रक्तात साल्मोनेला सापडला तर किमान चौदा दिवस, मग ताप तिसऱ्या दिवशी का उतरेना. नुसते पाण्यासारखे जुलाब, ताप नाही, रक्त नाही, किडनी जागेवर, असं असतं तर दीड-दोन दिवस फक्त पाणी देऊन थांबलो असतो. इथे थांबणार नाही. मेडिकलवाल्याने ‘अझिथ्रो नाही, त्याच घराण्यातलं क्लॅरिथ्रोमायसिन देतो’ म्हटलं तर घेऊ नका, एरिथ्रोमायसिनही नको. ही दोन औषधं टॅक्रोलिमस मोडणारं एन्झाइमच बंद पाडतात आणि लेव्हल कुठच्या कुठे जाते. अझिथ्रोमायसिनचा हा त्रास खूपच कमी आहे, तरी ते सुरू करण्याआधी एक ईसीजी काढलेला बरा. जुलाब बांधणारी लोपेरामाइड आव-ताप असताना नको. आणि दही-जंतूंच्या, यीस्टच्या पुड्या निरुपद्रवी समजून देतात, त्याही इथे नकोत, कारण त्यातले जिवंत जंतू क्वचित रक्तात उतरतात.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल निघाला तर सगळं चित्र बदलतं. त्याचं औषध तोंडाने घ्यायचं व्हॅन्कोमायसिन, १२५ मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, दहा दिवस. कॅप्सूल मिळाली नाही तर इंजेक्शनची पावडर पाण्यात मिसळून पाजतात, आणि ते चालतं. तेच शिरेतून दिलं तर आतड्यात पोचत नाही आणि काही उपयोग होत नाही. बरं झाल्यावर पुन्हा शौच तपासून ‘निगेटिव्ह’ची वाट बघायची नाही, ती तपासणी अनेक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते. त्याचे बीजाणू सॅनिटायझरने मरत नाहीत. शुश्रूषा करणाऱ्याने साबण-पाण्यानेच हात धुवायचे आणि संडास ब्लीचने. याच निमित्ताने विचारा की पॅन्टोप्राझोल अजून गरजेचं आहे का. जठरातलं आम्ल हा जंतूंसमोरचा पहिला उंबरठा आहे, आणि ती गोळी तो काढून ठेवते.

विडाल ही टायफॉइडची रक्ततपासणी करू नका. ‘टायफॉइड पॉझिटिव्ह’ असं त्यावर लिहून येतं आणि पुढचे पंधरा दिवस त्या कागदामागे जातात. टायफॉइड रक्ताच्या कल्चरवर ठरवायचा. कल्चरमध्ये काहीच निघालं नाही आणि आठवड्यानंतरही जुलाब चालू राहिले, वजन उतरत गेलं, तर सीएमव्ही (दबलेल्या प्रतिकारशक्तीत डोकं वर काढणारा विषाणू), क्रिप्टोस्पोरिडियम आणि आतड्याचा टीबी या दिशेने दुर्बीण तपासणीसह जावं लागतं. सीएमव्ही रक्तात निगेटिव्ह असूनही आतड्यात असू शकतो, आणि त्याची प्रतिबंधक गोळी बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत संपलेली असते. टीबी निघालाच तर एक गोष्ट लक्षात ठेवा: रिफॅम्पिसिन सुरू झालं की टॅक्रोलिमस रक्तातून नाहीसं होतं. ते युनिटला न विचारता सुरू होऊ देऊ नका.

रिजेक्शनचं म्हणाल, तर आज त्या शब्दाला घाई नको. पाणी कमी आणि लेव्हल जास्त, एवढ्या दोन कारणांनी १.३ चं २.१ सहज होतं. पाणी भरून काढलं, लेव्हल उतरली की दोन-तीन दिवसांत आकडा मागे फिरायला लागतो. वजन जागेवर आलं, लेव्हल योग्य झाली, आणि तरीही ७२ तासांनी क्रिएटिनिन तिथेच अडलं असेल तर बायोप्सीचा विचार. उलट, संसर्ग चालू असताना नुसत्या भीतीने स्टिरॉइडचे मोठे डोस दिले तर साल्मोनेलाला रान मोकळं होतं.

प्रवासात असाल तर कागदावर एवढंच उतरवून घ्या: वजन आणि लघवी मोजा, रक्त-शौचाचे नमुने औषधाआधी, उद्या सकाळी गोळीआधी लेव्हल, सोबत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम, बीपी-साखरेच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांच्या हातात. वाटेत ताप १०० च्या वर गेला, शौचातून रक्त पडलं, उभं राहिल्यावर डोळ्यांसमोर अंधारी आली, गोळ्या दोनदा उलटून पडल्या, किंवा पोट फुगलं आणि जुलाब एकाएकी थांबले, तर संभाजीनगरचा हट्ट सोडून जवळच्या मोठ्या दवाखान्यात उतरा. पोट फुगून जुलाब थांबणं हे बरं होण्याचं लक्षण नव्हे. आतडं लुळं पडल्याची ती खूण असू शकते.

आता घर आणि हुरडा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, पण पाणी साठवून पुरवायची सवय आपल्या भागाला त्याच्या कितीतरी आधीची आहे. टँकर, हौद, टाकी, माठ, आणि प्रत्येक टप्प्यावर हात. २० लिटरचा जार ‘आरओचा’ असला तरी त्यात क्लोरीन नसतं आणि तो जार कसा धुतला जातो ते आपण बघत नाही. ग्रामपंचायतीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किंवा क्लोरीनचे थेंब जिवाणू मारतात, क्रिप्टोस्पोरिडियम मारत नाहीत. उकळणं दोन्ही करतं: खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट, झाकून गार करायचं, आणि भावाचं पाणी वेगळ्या, तोटीच्या भांड्यात. माठात बोटं बुडाली की उकळलेलं वाया गेलं. धारोष्ण दूध नको. कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांबरोबर कॅम्पिलोबॅक्टर ओट्यावर पसरतो. घरात तान्हं बाळ असेल आणि त्याला रोटाव्हायरस किंवा पोलिओचे थेंब पाजले असतील तर महिनाभर त्याचे लंगोट भावाने हाताळू नयेत. टायफॉइडची लस घ्यायची झाल्यास इंजेक्शनची. तोंडाने घ्यायची जिवंत लस त्याच्यासाठी नाही.

आणि हुरडा स्वतः तर आगटीतून भाजून निघतो, त्याच्याइतकं निर्धोक त्या ताटात दुसरं काही नसतं. गडबड असते ती भोवतालच्या गोष्टींत: गरम कणसं चोळणाऱ्याचे हात, विहिरीच्या पाण्याने पातळ केलेलं ताक, उघड्यावरचं दही, न धुतलेले पेरू-बोरं, बर्फ घातलेला उसाचा रस. पुढच्या वर्षी किडनी जागेवर असेल आणि युनिटने होकार दिला असेल तर जाऊ द्या त्याला. पाण्याची बाटली घरची, हात साबणाने धुऊन कणीस त्याने स्वतःच चोळायचं, सोबत घरून नेलेली कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. दही-ताकाचा गडू पुढे आला की तो पंगतीत तसाच पुढे सरकवायचा.